ठरावाचं पाणी

चवदार तळं महाडच्या भरवस्तीत आहे. पायऱ्या उतरून पाण्याशी गेलं आणि मागे वळून पाहिलं की भोवतालची घरं अंगावर आल्यासारखी वाटतात. २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकरांनी इथलं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा किती खिडक्या उघड्या असतील, असं दर वेळी मनात येतं.

ही गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. तिच्यातले कागद मात्र आपण भराभर उलटतो. खरी गोम तिथंच आहे.

४ ऑगस्ट १९२३ला मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सरकारी पैशांतले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेनं १९२४मध्ये त्याला धरून तळं खुलं केलं. पुढची तीन वर्षं तो ठराव दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात. सवर्णांपैकी सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे पाठीशी उभे होते, दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे महाडच्या अस्पृश्य परिषदेसाठी झटत होते, तेव्हा कुठं माणसं पाण्यापर्यंत पोचली. मग अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी हूल उठली, लाठ्या चालल्या, आणि तळं १०८ घागरी पंचगव्य ओतून ‘शुद्ध’ करण्यात आलं.

नगरपालिकेनं १९२४चा ठराव मागे घेतला तो ४ ऑगस्ट १९२७ला. बोले ठरावाला त्याच दिवशी चार वर्षं झाली होती. तारीख मुद्दाम निवडली नसावी. पण बहुमतानं दिलेलं बहुमतानंच काढून घेतलं, आणि ज्यांचं पाणी गेलं त्यांचा त्या मोजणीत जेमतेम आवाज होता. त्या काळी मत असे ते शेतसारा, घरपट्टी, आयकर भरणाऱ्याला. ज्याच्या नावावर जमीनच नाही, तो कसला मतदार?

मताची अशीच अडवणूक अमेरिकेतही झाली होती. १९१३ ते १९१६ आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. त्या देशाची राज्यघटना १७८७ची. मत कुणाला हे तिनं राज्यांवर सोडलं होतं, आणि प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलाम पाचात तीन असा धरला होता. यादवी युद्धानंतर १८७०मध्ये पंधरावी दुरुस्ती आली: वर्णावरून मत नाकारता येणार नाही. दक्षिणेकडच्या राज्यांनी मग वर्णाचं नाव न घेता मतदानाची पट्टी आणि साक्षरतेची परीक्षा लावली. आपल्या शेतसाऱ्याची सख्खी चुलत भावंडंच ती. दक्षिणेतल्या सेल्मा गावच्या पुलावर मताचा हक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांना मार बसला ७ मार्च १९६५ला. मतदान हक्काचा कायदा झाला त्याच वर्षी ६ ऑगस्टला. दुरुस्तीनंतर पंचाण्णव वर्षांनी! त्या कायद्याच्या एका कळीच्या कलमाला २०१३मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयानं सुरुंग लावला. या सगळ्याच्या आधीच, जुलै १९४६मध्ये, आंबेडकरांनी तिथल्या कृष्णवर्णीयांचे नेते ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. नुसत्या सहानुभूतीपोटी नव्हे. कामाचा कागद म्हणून.

इकडे महाडचं भांडण कोर्टात गेलं होतं. तळ्यावर अस्पृश्यांनी न येण्याची वहिवाट अनादी आहे, असा सवर्ण वादींचा दावा. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ला, ओंजळीनंतर दहा वर्षांनी. वहिवाट सिद्ध झाली नाही, म्हणून दावा फेटाळला. निकाल आपल्या बाजूचा, तरी मला तो जरा खुपतो. वादींना ती वहिवाट सिद्ध करता आली असती तर?

घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट हे शब्द का आले, ते महाड पाहिलं की कळतं. दिल्लीच्या कागदात पाणवठे! नगरपालिका त्याला हात लावू शकत नाही. मताचंही तसंच. साउथबरो समितीपुढे १९१९मध्ये आणि सायमन कमिशनपुढे १९२८मध्ये आंबेडकर मताधिकाराबद्दल बोलले होते, दुसऱ्या खेपेला थेट प्रौढ मताधिकार मागून. तो कलम ३२६मध्ये आला, आणि १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्यांत सुमारे १७ कोटी ३० लाख नावं चढली.

आज महाडशेजारच्या पोलादपूरच्या डोंगरवाड्यांतली अर्धी घरं एरवी कुलूपबंद असतात. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून चाकरमानी उतरतात, गाडीचं भाडं कुणी भरलं हे सहसा कुणी विचारत नाही, आणि सकाळी शाळेच्या व्हरांड्यात रांग लागते. टेबलावरचा माणूस यादीवर पट्टी सरकवत नाव शोधतो. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय. शेतसाऱ्याचा रकाना नाही.