ऊन जसे आहे तसे

1870च्या दशकात मुंबईच्या मधल्या कुलाब्यातल्या एका बंगल्याच्या आवारात दोन आठवडे रोज दिवसभर वाफेचे इंजिन धडधडत होते. इंजिन अडीच अश्वशक्तीचे, म्हणजे आजच्या विहिरीवरच्या एखाद्या लहान पंपाएवढे. त्याच्या बॉयलरखाली कोळसा नव्हता आणि लाकूडही नव्हते. शेजारी अर्धवर्तुळाकार रुळावर एक लाकडी चौकट उभी होती, आणि तिच्यात सपाट आरशांच्या रांगा बसवल्या होत्या. सूर्य सरकेल तशी एक माणूस ती चौकट रुळावरून ढकलत राही. सगळ्या आरशांतले ऊन एकाच वेळी बॉयलरवर पडे आणि आतले पाणी उकळू लागे.

हा प्रयोग विल्यम अ‍ॅडम्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा. मुंबईत तो उपनिबंधक होता, म्हणजे पेशाने कागदपत्रांचा माणूस. फ्रान्समधल्या तूर गावचा गणिताचा शिक्षक ओग्युस्तँ मूशो याने उन्हावर इंजिन चालवल्याचे त्याने वाचले होते. मूशोचा आरसा वक्र होता, चांदीचा मुलामा दिलेल्या धातूचा. असा आरसा महागडा तर असतोच, शिवाय तो लवकर काळवंडतो आणि एका मर्यादेपलीकडे मोठाही करता येत नाही. अ‍ॅडम्सने सरळ हिशेब मांडला. एक मोठा वक्र आरसा करण्यापेक्षा साध्या काचेचे, 17 इंच लांब आणि 10 इंच रुंद असे पुष्कळ सपाट आरसे घ्यायचे आणि प्रत्येकाचा कवडसा एकाच जागी पाडायचा. 72 आरसे लावल्यावर त्या जागेचे तापमान 1200 अंश फॅरनहाइटच्या वर, म्हणजे सुमारे 650 अंश सेल्सिअसला पोहोचले. लाकूड तिथे धरताच पेट घेई. आज स्पेनपासून मोरोक्कोपर्यंत उंच मनोऱ्याभोवती हजारो सपाट आरसे मांडून वीज केली जाते. त्या रचनेचे मूळ तत्त्व कुलाब्यातल्या त्या आवारात सिद्ध झाले होते, ही गोष्ट मुंबईकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

अ‍ॅडम्स इंजिनावरच थांबला नाही. त्याने उन्हावर चालणारी चूलही केली. आतून आरसे लावलेली अष्टकोनी पेटी, मधोमध तांब्याचे भांडे आणि त्यावर काचेची हंडी. सात शिपायांचा मांस आणि भाजीचा शिधा तिच्यात दोन तासांत शिजला, तोही जानेवारीत, मुंबईच्या सर्वांत थंड महिन्यात. 1878मध्ये सौर उष्णतेवरचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. सूर्य इंधनाची जागा पूर्णपणे घेईल असा भाबडा दावा त्याने केला नाही. रात्री आणि ढगाळ दिवसांत इंधन लागणारच, सूर्य त्याच्या जोडीला असावा, असे त्याचे म्हणणे होते. सव्वाशेहून अधिक वर्षांनी शिर्डीत नेमके हेच झाले.

त्याच 1878 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मूशोने सूर्याच्या उष्णतेवर बर्फ तयार करून दाखवला आणि सुवर्णपदक मिळवले. चार वर्षांनी, 6 ऑगस्ट 1882 रोजी, त्याचा सहकारी आबेल पिफ्र याने तुइलरी बागेत सौर इंजिनावर छापखाना चालवला. त्यावर ‘सोलेय जुर्नाल’ म्हणजे ‘सूर्यपत्र’ नावाचे पत्रक छापले गेले. आकाश पुरते निरभ्र नव्हते, तरी ताशी सरासरी 500 प्रती निघाल्या. पण कोळसा स्वस्त होत होता आणि रेल्वे तो गावोगाव पोहोचवत होती. फ्रेंच सरकारने हात आखडता घेतला, आणि मुंबईतला प्रयोगही विस्मृतीत गेला.

सौर ऊर्जा म्हटले की आज डोळ्यांसमोर येते ती छतावरची निळी-काळी पॅनेल. त्यांची किंमत उतरली हे चांगलेच झाले. मात्र त्यामुळे एक साधी गोष्ट नजरेआड झाली. पॅनेलवर पडलेल्या उन्हाचा साधारण पाचवा हिस्सा विजेत उतरतो. ती वीज शेगडीत किंवा गिझरमध्ये घालून पुन्हा उष्णताच करायची असेल, तर मूळ उष्णतेलाच कामाला लावणे अधिक शहाणपणाचे. माणसाच्या कितीतरी गरजा निव्वळ उष्णतेच्या असतात. शिजवणे, वाळवणे, धुणे, दूध तापवणे, पाणी निर्जंतुक करणे ही सगळी तशीच कामे. उन्हाचे सर्वांत कल्पक उपयोग सापडतात ते अशाच ठिकाणी, जिथे कोणीतरी आधी काम नीट पाहिले आणि मग ऊन त्या कामाला जसेच्या तसे जुंपले.

घरगुती सौरचुलीने मात्र अपेक्षाभंग केला. 1950च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने परवलयी आरशाची चूल तयार केली, ती चालली नाही. 1980च्या दशकात सरकारने अनुदान देऊन पेटीसारख्या सौरचुली खपवल्या. काळे डबे, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा, असे त्यांचे रूप अनेक मराठी घरांच्या गच्चीवर दिसे. त्यांत डाळ-भात सुरेख शिजे, शेंगदाणेही खमंग भाजून निघत. पण भाकरी होत नाही, फोडणी देता येत नाही, सकाळी कामाला जाणाऱ्या बाईला भर दुपारी पेटी सूर्याकडे वळवायला सवड नसते, आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी सूर्य मावळलेला असतो. दोष चुलीच्या काचेत नव्हता. स्वयंपाक कोण, कधी आणि कुठे करते, याचा विचार रचना करताना झालाच नव्हता.

तो विचार वोल्फगांग शेफलर या ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञाने केला. स्वयंपाक करणाऱ्या बाईने उन्हात का उभे राहायचे, हा त्याचा प्रश्न. साध्या परवलयी तबकडीत सूर्य सरकला की तबकडी फिरवावी लागते आणि तिच्यासोबत तिचा केंद्रबिंदूही फिरतो, त्यामुळे भांडे तबकडीबरोबर हिंडवावे लागते. शेफलरने एका मोठ्या परवलयाचा बाजूचा तुकडा घेतला आणि तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर अशा दांड्यावर फिरवला. आता तबकडी दिवसभर सूर्यामागे फिरते, पण कवडसा एकाच जागी स्थिर राहतो. ऋतूनुसार सूर्य वर-खाली होतो, तेव्हा तबकडीचा बाक थोडा कमी-जास्त करायचा. 1980च्या दशकात केनियात उभ्या राहिलेल्या या तबकड्या गावच्या लोहाराला आणि सुताराला करता याव्यात, असा त्याचा आग्रह होता.

शिर्डीच्या साई संस्थानच्या प्रसादालयावर अशा 73 तबकड्या बसल्या, प्रत्येकी 16 चौरस मीटरच्या. जुलै 2009मध्ये ही यंत्रणा सुरू झाली. इथे कवडसा भांड्यावर पडत नाही. तो पडतो पाण्याच्या लोखंडी रिसीव्हरवर, पाण्याची वाफ होते आणि ती नळांतून खाली स्वयंपाकघरात जाते. दिवसाला सुमारे 3500 किलो वाफ आणि सुमारे 20 हजार भाविकांचे जेवण, असा या यंत्रणेचा आवाका ठरवला होता. सौरवाफ आधीच्या बॉयलरच्या वाफेला जोडलेली असते. आभाळ भरून आले तर गॅस पेटतो, जेवणाची पंगत थांबत नाही. घरच्या पेटीतल्या बहुतेक अडचणी इथे आपोआप गळून पडल्या. जेवण दुपारचे, पदार्थ वाफेवर शिजणारे, छत मोठे आणि देखभालीला माणसे पगारी. देवस्थाने, वसतिगृहे, कारखान्यांची उपाहारगृहे, आश्रमशाळा अशी कितीतरी स्वयंपाकघरे महाराष्ट्रात आहेत. शिर्डीचे उदाहरण डोळ्यांसमोर असताना त्यांतली बहुसंख्य अजूनही निव्वळ गॅसवर चालतात, हे खरोखर खटकते.

लातूरच्या ‘महानंद’ डेअरीतला प्रयोग याच जातीचा. आयआयटी मुंबईत विकसित झालेली ‘अरुण’ ही 160 चौरस मीटरची प्रचंड तबकडी तिथे बसवली गेली. ती सपाट आरशांचे तुकडे एका चौकटीत जोडून केलेली आहे, म्हणजे अ‍ॅडम्सचीच युक्ती. तिच्या केंद्रात दाबाखालचे पाणी 180 अंशांपर्यंत तापते आणि त्या उष्णतेवर दुधाचे पाश्चरीकरण होते. दुधाला लागतात 70-75 अंश. एवढ्याशा उष्णतेसाठी फर्नेस ऑइल जाळायचे, ही उधळपट्टी तिथे कमी झाली.

रात्रीचे काय, या प्रश्नाला अबू रोडजवळच्या ब्रह्माकुमारी परिसरात एक उत्तर शोधले गेले. ‘इंडिया वन’ या प्रकल्पात 60 चौरस मीटरच्या 770 तबकड्या आहेत, आणि प्रत्येकीच्या केंद्राशी बिडाचा जाडजूड ठोकळा आहे. दिवसभर तो तापतो आणि सूर्यास्तानंतर त्यातून पाणी सोडले की वाफ मिळते. साठवण सुमारे 16 तासांची. लिथियम नाही, रसायने नाहीत, साधे ओतीव लोखंड. यात वीजही तयार होते, पण ऊन रात्रीपर्यंत साठते ते उष्णतेच्याच रूपात.

वाळवणाच्या बाबतीत तर महाराष्ट्राला कोणी काही शिकवावे अशी स्थिती नाही. पेण-उरणची मिठागरे म्हणजे उन्हावर चालणारे उघडे कारखानेच. कोकणात रातांब्याची साले त्यांच्याच रसाची पुटे देत पुन्हा पुन्हा उन्हात घालतात, तेव्हा आमसूल होते. सर्वांत चतुर रीत मात्र तासगावची. सांगली जिल्ह्यातला बेदाणा थेट उन्हात वाळतच नाही. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतले पाणी अडवून धरतो. म्हणून द्राक्षे आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात आणि मग शेडमधल्या जाळ्यांच्या थरांवर पसरतात. वर सावली, बाजूंनी फेब्रुवारी-मार्चचा कोरडा तापलेला वारा. साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो आणि त्याचा हिरवट रंग टिकतो. ऊन हवेला तापवते, हवा द्राक्षाला वाळवते, आणि रंग उडवणारे किरण बाहेरच राहतात. 2016मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे ही सावलीची करामत आहे.

उघड्यावरच्या वाळवणावर धूळ बसते, माशा येतात, अवकाळी पावसाची एक सर सगळे मातीमोल करते. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या तरुणांनी यावर विजेशिवाय चालणारा वाळवणयंत्राचा नमुना केला. त्यात खालचा तापलेला पत्रा, आतली गरम हवा आणि वरून येणारे ऊन या तिन्हींची उष्णता एकदम वापरली जाते. त्यांच्या ‘एस फॉर एस टेक्नॉलॉजीज’ या कंपनीने ही यंत्रे ग्रामीण भागातल्या शेतकरी महिलांना दिली. भाव पडला म्हणून रस्त्यावर फेकला जाणारा कांदा-टोमॅटो त्यांच्याकडे वाळतो आणि खाद्यउद्योगाला विकला जातो. 2023मध्ये कंपनीला अर्थशॉट पारितोषिक मिळाले. ज्या राज्यात कांद्याच्या भावाने दर काही वर्षांनी शेतकरी रडतो, तिथे या छोट्या यंत्राकडे मोठ्या शीतगृहांइतक्याच गांभीर्याने पाहायला हवे.

उन्हात उष्णतेशिवाय उजेडही असतो, हे ब्राझीलच्या उबेराबा गावातल्या आल्फ्रेदो मोझेर या मेकॅनिकने 2002मध्ये दाखवून दिले. वारंवार वीज जाई. त्याने प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी आणि शेवाळ धरू नये म्हणून दोन झाकणे ब्लीच भरले, छपराला भोक पाडून बाटली अर्धी आत, अर्धी बाहेर बसवली आणि कडा रेझिनने बंद केल्या. दिवसा खोलीत 40 ते 60 वॉटच्या बल्बइतका उजेड पडू लागला. पुढे फिलिपिन्समधल्या वस्त्यांनी ही बाटली उचलून धरली. त्याआधी 1980मध्ये बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात आफ्तिम अक्रा यांनी उन्हातल्या अतिनील किरणांना पाणी शुद्ध करायला लावले होते. नितळ पाणी पारदर्शक बाटलीत भरून सहा तास कडक उन्हात ठेवायचे, आभाळ अर्ध्याहून अधिक ढगाळ असेल तर दोन दिवस. जुलाबाचे बहुतेक जंतू त्यात मरतात. पाणी गढूळ असेल तर मात्र आधी गाळून घ्यावे लागते, नाहीतर किरण आत पोहोचत नाहीत.

वीजच हवी अशीही कामे आहेत, आणि त्यांत शेतीचा पंप पहिला. पिकाला पाणी दिवसाच द्यायचे असते आणि ऊन कडक असते तेव्हाच ते अधिक लागते, म्हणून इथे बॅटरीची गरज नाही. महाराष्ट्रात शेतकऱ्याला वर्षानुवर्षे रात्रीची वीज मिळाली. बिबट्या, साप आणि थंडी यांच्याशी सामना करत तो दारे धरायला जात राहिला. 2017मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौरप्रकल्प उभारून दिवसा वीज द्यायची, ही कल्पना त्यामुळेच मोलाची आहे. तिच्यात एक धोकाही आहे. दिवसा हवी तेवढी आणि फुकट वीज मिळाली, तर पंप थांबवायचे कारण उरत नाही आणि विहिरीचा तळ लवकर दिसतो.

गुजरातच्या खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावाने यावर उपाय करून पाहिला. डिझेल पंप वापरणाऱ्या सहा शेतकऱ्यांनी 2016मध्ये सौरपंपांची सहकारी मंडळी उभी केली. सिंचन झाल्यावर उरलेली वीज ते वीज कंपनीला युनिटमागे 4 रुपये 63 पैसे दराने विकू लागले. त्या बदल्यात 25 वर्षे अनुदानित वीजजोडणी मागणार नाही, असे त्यांनी लिहून दिले. भूजल वाचवण्यासाठी आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेने सुरुवातीला वेगळी प्रोत्साहन रक्कमही दिली. पंप चालू ठेवला तर पाणी मिळते, बंद ठेवला तर पैसे. कधी काय करायचे हे शेतकरी रोज ठरवतो. दुधाच्या आणि साखरेच्या सहकाराचा एवढा अनुभव गाठीशी असलेल्या महाराष्ट्रात अशा मंडळ्यांची सुरुवात उसाच्या आणि द्राक्षाच्या त्या पट्ट्यांपासून व्हायला हवी, जिथे कूपनलिका दरवर्षी आणखी खोल जात आहेत. त्यासाठी वीज कंपनीने खरेदीचा दर दीर्घ मुदतीसाठी लेखी द्यावा लागेल आणि गावपातळीवर मीटरची नोंद चोख ठेवावी लागेल.