‘टार्डी’ आणि ‘लेट’

अमेरिकेंत शाळेंत जाणाऱ्या माझ्या नातीनें मागल्या महिन्यांत दूरध्वनीवर विचारलें, “आजोबा, टार्डी म्हणजे मराठींत काय?” वर्गांत पांच मिनिटें मागाहून पोंचल्याबद्दल तिला ह्या शब्दाची चिठ्ठी मिळाली होती. आपल्या शाळांतून ‘लेट’ म्हणतात. ‘टार्डी’ हा तिकडच्या शाळांचा लाडका शब्द.

मूळ लॅटिन शब्द ‘टार्डुस’. त्याचा अर्थ मंद, संथ. फ्रेंचमधून तो इंग्रजींत आला तोही प्रथम मंद ह्याच अर्थानें. वेळ चुकलेला हा अर्थ पुढें जडला. त्याचेंच एक भावंड आपल्या शेजारीं नांदून गेलें आहे. गोव्यांत १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. त्या भाषेंत दुपारच्या नमस्काराला ‘बोआ तार्द’ म्हणतात. त्यांतील ‘तार्द’ म्हणजे दुपार, आणि उशिरा ह्या अर्थींही तोच शब्द. दिवस कलला कीं उशीर झाला!

नवल असें कीं, ‘लेट’ ह्या निराळ्या कुळांतील शब्दाचीही हीच कथा. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ मंद, सुस्त असाच होता. शेवटचा ह्या अर्थाचा ‘लास्ट’ हें त्याचेंच रूप. म्हणजे दोन्ही शब्दांनीं आधीं माणसाची चाल पाहिली, घड्याळ मागाहून. पण मंद असणें आणि उशीर करणें एक नव्हे. आपला शनैश्चर पाहा. हळू चालणें त्याच्या नांवांतच आहे. एका फेऱ्यास त्याला २९ वर्षांवर काळ लागतो. तरी साडेसाती उशिरा सुरू झाल्याची तक्रार कोणीं ऐकली आहे काय?

आपला ‘विलंब’ मला अधिक न्यायी वाटतो. ‘लंब्’ म्हणजे लोंबणें, लटकणें. विलंबांत काम लोंबकळत राहतें. कोणामुळें, तें शब्द सांगत नाहीं.

हें मला नोकरींत असतां सुचावयास हवें होतें. खाडीपलीकडचा एक मुलगा तरीनें शाळेंत येई. हजेरीपटांत त्याच्या नांवापुढें तांबड्या शाईनें ‘लेट’ लिहितां लिहितां मीं एका वर्षीं प्रगतिपुस्तकांत ‘मंद’ असा शेराही मारला. पुढें कांहीं कामासाठीं मीच त्या तरीनें निघालों. ओहोटी लागलेली; होडी चिखलांत रुतली आणि पाणी चढेपर्यंत आम्ही बसून राहिलों. भरतीची वेळ रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते, शाळेची घंटा सरकत नाहीं. प्रगतिपुस्तक तोंवर त्याच्या घरीं गेलेलें होतें.

नातीला मीं ‘उशिरा आलेली’ एवढाच अर्थ सांगितला.