घरातील झुरळे : ओळख आणि बंदोबस्त

रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावताच ओट्यावरून सरसर पळणारे झुरळ पाहिले नाही, असे घर विरळाच! झुरळ दिसले की आपण चप्पल उचलतो, नाही तर बाजारातून फवारा आणतो. आम्हीही अनेक वर्षे तेच केले. फवाऱ्यानंतर चार दिवस शांतता आणि महिनाभरात पुन्हा तीच वस्ती! शेवटी उमगले की, शत्रूची ओळख पटल्याशिवाय बंदोबस्त होत नाही.

आपल्या घरांत प्रामुख्याने तीन जाती आढळतात. पहिले मोठे, तांबूस झुरळ, लांबी साडेतीन ते चार सेंटिमीटर. त्याला 'अमेरिकन' म्हणतात. पण ते मूळचे आफ्रिकेतले. गटार व मोरी ही त्याची घरे. दुसरे 'जर्मन' झुरळ, जेमतेम दीड सेंटिमीटरचे, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेले. ते ओटा, शेगडी, फ्रीज यांच्या आसपास राहते. नाव जर्मन असले तरी त्याचा उगम सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमार परिसरात झाला असावा, असे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसून आले. तिसरे पट्टेरी झुरळ. त्याला कोरडी जागा आवडते. म्हणून ते कपाटात, तसबिरीमागे, टी.व्ही.च्या खोक्यात सापडते. पुस्तकांच्या बांधणीतली खळही ते खाते.

फवारा अपुरा का पडतो? जर्मन झुरळाची मादी तीस-चाळीस अंडी असलेली पेटी पिल्ले बाहेर पडेपर्यंत अंगावर वागवते. या पेटीत औषध सहसा शिरत नाही. शिवाय बहुतेक झुरळे दिवसभर फटीत दडलेली असतात. तेच ते औषध वारंवार वापरल्यास पुढच्या पिढ्या त्याला दाद देत नाहीत.

हा प्रश्न केवळ किळसेचा नाही. झुरळ गटारातली घाण पायांना लावून भाकरीच्या टोपलीपर्यंत येते. त्याची विष्ठा व कात यांच्या भुकटीने लहान मुलांचा दमा बळावतो.

तेव्हा उपाय क्रमाने करावेत. प्रथम पाणी तोडावे. झुरळ उपाशी बरेच दिवस काढते, पण पाण्यावाचून फार काळ तगत नाही. गळका नळ दुरुस्त करावा, रात्री ओटा कोरडा पुसावा. खरकटी भांडी व कचरा रात्रभर ठेवू नये. भिंतीतल्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवाव्यात, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवावी. त्यानंतर बिजागऱ्यांजवळ व फटींत जेलचे बारीक ठिपके लावावेत. ते खाऊन झुरळ आपल्या बिळात मरते आणि त्याची विष्ठा वा मृत शरीर खाणारी इतरही मरतात. ठिपक्यांजवळ फवारा मारू नये, नाहीतर झुरळे तिकडे फिरकत नाहीत. राहिलेल्या अंड्यांतून नवी पिल्ले निघतात, म्हणून महिन्याभराने पुन्हा ठिपके द्यावेत. बोरिक पावडर वापरायची तर अगदी पातळ थर द्यावा; ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जाते. कोणतेही औषध मुलांच्या हाती लागणार नाही व अन्नाजवळ राहणार नाही, ही काळजी मात्र घ्यावीच.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. एकाच बिऱ्हाडाने औषध मारले, तर झुरळे पाइपाच्या भोकातून शेजारी जातात आणि काही दिवसांनी परत येतात. आमच्या घरी हेच होत होते! म्हणून सर्व मजल्यांनी एकच दिवस ठरवावा. भिंत दोन घरांची असते, झुरळ मात्र सगळ्यांचे असते.