पाम तेलाच्या बागेतले शिकारी

हातात बिस्किटाचा पुडा असेल तर जरा उलटा करून बघा. मागच्या बारीक अक्षरांत 'पाम तेल' सापडण्याची शक्यता बरीच आहे. जगात सगळ्यात जास्त पाम तेल आयात करतो तो आपला भारत, आणि त्यातलं बहुतेक येतं इंडोनेशिया आणि मलेशियातून. ते तेल राखायला तिथल्या बागांत काही कीटक रात्रंदिवस ड्युटीवर असतात. आज मी त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

आधी शत्रू ओळखू. पामची पानं खाणारी एक अळी आहे. पानांचे तुकडे आणि रेशीम जोडून ती अंगाभोवती पिशवी विणते आणि पिशवीसकट फिरते. मादीला मोठेपणीही पंख फुटत नाहीत. ती पिशवीतच राहते, तिथेच अंडी घालते. निम्मी पानं खाल्ली गेली, तर पुढची दोन वर्षं उत्पादन 40 टक्क्यांच्या आसपास घटू शकतं.

मग फवारा ना औषध! मलेशियात 1950 च्या दशकाच्या शेवटी आणि 1960 च्या सुरुवातीला नेमकं हेच केलं. डीडीटी, डिल्ड्रिन अशी जहाल औषधं मारली. झालं उलटंच. अळ्या कमी होण्याऐवजी उसळल्या. कारण सोपं आहे: अळी पिशवीत दडलेली, आणि तिला खाणारे कीटक मात्र उघड्यावर. औषधाने आधी तेच मेले. बी. जे. वूड या कीटकतज्ज्ञाने हे नीट मांडलं. सरसकट फवारणी थांबवली तेव्हा शिकारी परतले आणि अळ्या आटोक्यात आल्या.

यातला एक शिकारी म्हणजे सायकॅनस. ढेकणाच्याच गटातला, पण लांब पायांचा आणि लांब मानेचा. तो आपली टोकदार सोंड अळीत खुपसतो आणि लाळ सोडतो. अळी लुळी पडते, आतला भाग पातळ होतो, आणि हा तो शोषून घेतो. स्ट्रॉने नारळपाणी प्यावं तसं!

हे शिकारी प्रयोगशाळेत वाढवून सोडताही येतात. त्यांना खायला देतात तांदळात पडणाऱ्या कॉर्सायरा पतंगाच्या अळ्या. आपल्याकडे ट्रायकोकार्ड बनवायला ज्याची अंडी वापरतात, तोच हा पतंग. पण नुसतं सोडून भागत नाही, ते टिकले पाहिजेत. म्हणून बागेच्या रस्त्यांच्या कडेला टर्नेरा आणि आपल्याकडची आइस्क्रीम वेल अशी फुलझाडं लावतात. त्यातला मध शिकाऱ्यांना आणि अळीवर जगणाऱ्या छोट्या गांधीलमाश्यांना उपयोगी पडतो.

आता खरं सांगतो, ही जादू नाही. अळ्या फार वाढल्या तर शिकारी पुरे पडत नाहीत. म्हणून झावळ्या तपासून अळ्या मोजत राहायचं, आणि गरज पडलीच तर बीटी जिवाणूचं औषध मारायचं. ते मुख्यतः अळ्यांनाच मारतं. शिवाय पामच्या फुलांचं परागीभवन एक छोटा भुंगा करतो. 1981 मध्ये तो कॅमेरूनमधून मलेशियात आणला. त्याआधी मजूर हाताने परागीभवन करत. जहाल औषध मारलं तर हा भुंगाही धोक्यात येतो.

ऊसवाल्या घरातल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. 2002 मध्ये सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला, तेव्हा कोनोबाथ्रा आणि मायक्रोमस हे मित्रकीटकच कामी आले होते.

हे आत्ता का सांगतोय? 2021 पासून केंद्राचं मिशन भारतातही पामची लागवड वाढवतंय. जंगल आणि पाण्याचे प्रश्न वेगळे आहेत, त्यावर भांडूच. पण जिथे बागा उभ्या राहतील, तिथल्या शेतकऱ्याच्या हातात पहिल्या दिवशी काय द्यायचं, पंप की फुलझाडाचं रोप? मलेशियाने याचं उत्तर महागात शिकलंय. आपल्याला ते फुकटात मिळतंय, एवढं लक्षात ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!