शेंबूड, चीक आणि दोन थेंब

सोयाबीनच्या मळणीचे दिवस आले की मंठा तालुक्यातल्या शिवारात मळणीयंत्रं धडधडू लागतात, भुशाचे लोट उठतात, आणि तोंडाला रुमाल बांधूनही संध्याकाळी नाक शिंकरलं की काळपट शेंबूड येतो. त्याची किळस कशाला? फुप्फुसात जाणारी धूळ वाटेतच धरली गेली, याचा तो पुरावा आहे! नाकापासून श्वासनळीपर्यंतच्या ओल्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे रोम असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि चिकट थर घशाकडे ढकलत राहतात. नाकात पुढच्या बाजूला सॅकरीनचा कण ठेवला, तर साधारण दहा-पंधरा मिनिटांत घशाशी गोड लागतं. कान-नाक-घशाचे डॉक्टर ही चाचणी खरोखर करतात. विडीचा धूर मात्र या रोमांना लुळं करून टाकतो.

शेंबडाला शास्त्रात मान आहे बरं का! पेनिसिलिन सापडण्याच्या आधी, 1921 साली, अलेक्झांडर फ्लेमिंगने सर्दी झालेली असताना स्वतःच्याच नाकातला स्राव जंतूंवर टाकून पाहिला. जंतू विरघळले. तो पदार्थ म्हणजे लायसोझाइम. तो अश्रूंत असतो, लाळेत असतो, अंड्याच्या पांढऱ्या बलकातही असतो. प्रयोगासाठी अश्रू हवेत म्हणून फ्लेमिंगच्या प्रयोगशाळेत लोकांच्या डोळ्यांत लिंबू पिळलं जायचं!

आणि पोराचा शेंबूड हिरवा झाला म्हणून मेडिकलवरून अँटिबायोटिक आणायला धावू नका. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या लोहयुक्त विकराचा (एन्झाइमचा) असतो. साध्या विषाणूच्या सर्दीतही शेंबूड हिरवा होतो, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही.

आता पोटात उतरू. माणसाची कातडी भरते जेमतेम 2 चौरस मीटर. अन्नमार्गाचं अस्तर घड्या उलगडून मोजलं तर सुमारे 32 चौरस मीटर, म्हणजे साडेतीनशे चौरस फूट. आतड्यात हे अस्तर पेशीच्या एका थराइतकं पातळ असतं आणि तीन ते पाच दिवसांत नवं होतं. पलीकडे अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू नांदतात. त्यांच्याशी रोज लढत बसलं तर माणूस सुजूनच मरेल. म्हणून शरीर इथे आयजीए नावाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) सोडतं, रोज काही ग्रॅम. बाकी सगळ्या प्रकारची प्रतिपिंडं मिळूनही एवढी बनत नाहीत. आयजीए सहसा मारत नाही. ती जंतूला बिलगते, त्याला अस्तरावर चिकटू देत नाही, आणि जंतू मळावाटे निघून जातो. मला तर हीच शरीराची सर्वांत सुंदर युक्ती वाटते.

गाय व्याली की वासराला आधी चीक पाजायचा, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. गाईच्या वारेतून प्रतिपिंडं वासरापर्यंत पोचतच नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि वासराचं आतडं ती जवळपास पहिल्या 24 तासांतच शोषून घेऊ शकतं. खरवसाचा मोह त्यानंतर! बाळाची गोष्ट जरा वेगळी. रक्तातली प्रतिपिंडं त्याला पोटात असतानाच वारेतून मिळतात, पण आतड्याच्या रक्षणाची आयजीए येते आईच्या दुधातून, आणि पहिल्या पिवळसर चिकाच्या दुधात ती सर्वांत जास्त असते. त्यातली खरी गंमत पुढे आहे. आईच्या आतड्यात जे जंतू येऊन गेले, त्यांना ओळखणाऱ्या पेशी तिथून निघून थेट स्तनांपर्यंत जातात. म्हणजे मंठ्याच्या आईच्या दुधात मंठ्याच्याच पाण्यातल्या, मंठ्याच्याच मातीतल्या जंतूंवरचा उतारा असतो. असा उतारा कुठल्या डब्यात मिळणार? तरीही काही घरांत ते दूध पिळून टाकतात आणि बाळाला आधी साखरपाणी चाटवतात. हे थांबायलाच हवं.

पोलिओचे थेंब तोंडातूनच का? टोचलेली लस रक्तात प्रतिपिंडं तयार करते, त्यामुळे लुळेपणा टळतो. पण विषाणू आतड्यात वाढून मळातून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. थेंबांतला दुबळा केलेला जिवंत विषाणू आतड्यातच वाढतो आणि तिथलाच पहारा जागा करतो. मग इतक्या वेळा का पाजायचे? वेल्लूरचे डॉ. टी. जेकब जॉन यांनी 1970 च्या दशकातच दाखवून दिलं होतं की आपल्याकडे तीन डोस पुरत नाहीत. दर फेरीला दार वाजवणाऱ्या आशाताईंना कंटाळू नका, त्याचं कारण हे. देशातला मूळ (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्यात सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त ठरला.

जुलाबाच्या रोटाव्हायरसवरची लसही तोंडातूनच देतात: सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात. ती बनवणाऱ्यांत पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट आहे. स्वाइन फ्लूच्या साथीनंतर 2010 मध्ये याच सीरमने नाकात फवारायची लसही आणली होती. रोग शिरतो त्याच दारात लस द्यायची!

नऊ महिन्यांपासून मिळणारं अ जीवनसत्त्वाचं औषधही चुकवू नका. ते कमी पडलं की डोळ्यांचं, श्वासनळीचं, आतड्याचं ओलं अस्तर कोरडं पडतं. बांधावरच्या शेवग्याचा पाला त्यासाठी उत्तम.

जाता जाता शेंगदाण्याचं. आतड्याला अन्नाशी मैत्री लवकर शिकवावी लागते. लंडनमध्ये 640 बाळांवर झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ॲलर्जीचा धोका असलेल्या ज्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा खाऊ घातला, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी निघाली. आपल्याकडे कूट तर भाजीभाजीत असतो. वरचं अन्न सुरू झालं की तो बाळाच्या घासात अगदी बारीक करून घालावा; बाळाला इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. सबंध दाणा मात्र लहान पोरांच्या हाती नको. तो श्वासनळीत अडकतो.