वाणात चप्पल का नको?

गेल्या संक्रांतीला आमच्या वालूरच्या घरी हळदीकुंकू होतं. वाणाला मी प्लास्टिकचे डबे आणले होते. शेतातून थेट आलेली एक मावशी दारातच थबकली. "पाय धुऊन येते," म्हणाली. बघते तर टाचेच्या भेगांतून रक्त येत होतं आणि स्लीपरचा बंद सेफ्टी पिनेनं अडकवलेला. तिच्या हातात डबा देताना माझीच मला लाज वाटली.

मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला. सुमारे 180 किलोमीटर चाललेल्या बायकांचे सोललेले तळवे साऱ्यांनी पाहिले, मुंबईकरांनी चपला आणून दिल्या. पण आपल्या गावातली मजूर बाई, आशाताई रोजच चालतात. त्यांच्या पायांकडे कोण बघतं?

सासूबाई म्हणाल्या, "वाणात चप्पल देतात का कुठं?" मी म्हटलं, "अक्षय्यतृतीयेला छत्री-वहाणा दान देतोच की!" मग आम्ही पाचजणींनी पैसे काढले.

मैत्रिणींनो, चप्पल घेताना एवढं बघा. खरेदी संध्याकाळी करा. दिवसभराच्या कामानं पाय थोडे फुगलेले असतात, सकाळी बसलेली चप्पल संध्याकाळी चावते. सोल बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध नाही. रोज चालणारीला मागे पट्टा हवाच. सोल नुसता चिकटवलेला नको, शिवलेला घ्या. कोल्हापुरी उन्हाळ्यात झकास, पण आपल्या काळ्या मातीच्या चिखलात चामडं भिजून खराब होतं. शेतात गमबूट उत्तम, कारण साप बहुधा पायालाच चावतो. साखरेचा आजार असणारीनं तर घरातही अनवाणी फिरू नये. पाय बधिर असला की जखम कळतच नाही.

भेट द्यायची असेल तर कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं रेघ मारून घ्या, मापाची चिंता मिटते. चप्पल जमत नसेल तर सुती मोजे, छत्री, पाण्याची बाटली किंवा पहाटे निघणारीला बॅटरी द्या.

मावशीनं नवी चप्पल पायात घातलीच नाही, पदरात गुंडाळली. "लेकीच्या लग्नात घालीन," म्हणाली. मी म्हटलं, "मावशी, लग्नाचं लग्नात बघू. उद्या शेतात जाताना पायात दिसली पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम आमच्या दारावरून गेली. पाय दाखवत.