पाण्यातील क्लोरीन : नाव एक, राशी तीन

पैठणनजीकच्या नाथसागराचे पाणी फारोळा येथील जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध करून छत्रपती संभाजीनगर शहरास पुरविण्यात येते. ग्रामीण भागात विहिरीच्या वा टाकीच्या पाण्यात टीसीएल पावडर मिसळून ते निर्जंतुक केले जाते. शहर असो वा खेडे, या कामाची नोंद ठेवणे अगत्याचे असते. अशा नोंदी संगणकावर घेताना शब्दांच्या नेमकेपणास विशेष महत्त्व प्राप्त होते.

समजा, नोंदवहीत 'क्लोरीन – २' एवढेच लिहिले आहे. अनुभवी कर्मचाऱ्यास त्याचा अर्थ संदर्भाने उमगतो; संगणकास मात्र उमगत नाही.

पदार्थ आणि घटक

ताज्या टीसीएल पावडरमध्ये उपयुक्त क्लोरीनचे प्रमाण सुमारे ३३ टक्के असते. १,००० लिटर पाण्यास लिटरमागे २ मिलिग्रॅम या दराने २ ग्रॅम क्लोरीन लागतो व त्यासाठी सुमारे ६ ग्रॅम पावडर घालावी लागते. ओल व उष्णता लागून हे प्रमाण २० टक्क्यांवर उतरल्यास तेवढ्याच पाण्यास १० ग्रॅम पावडर लागेल. म्हणजेच पावडरचे वजन आणि क्लोरीनचे वजन या दोन भिन्न बाबी होत.

मात्रा, मागणी आणि शिल्लक

पाण्यात घातलेला क्लोरीन ही 'मात्रा' होय. त्यातील काही भाग सेंद्रिय द्रव्ये, लोह, अमोनिया इत्यादींशी रासायनिक अभिक्रिया होऊन खर्ची पडतो. ही पाण्याची 'मागणी'. उरतो तो 'शिल्लक' क्लोरीन. पुढे होणाऱ्या दूषितीकरणापासून पाण्याचे रक्षण हाच भाग करतो. भारतीय मानक ब्यूरोच्या 'आयएस १०५००' या मानकानुसार, क्लोरीन वापरून शुद्ध केलेल्या पाण्यात ग्राहकापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. तिन्ही राशींचे एकक एकच आहे. अर्थ मात्र निराळे आहेत.

संगणकास अर्थ कसा कळावा?

पदार्थ, त्याचे कार्य, अभिक्रिया, राशी आणि एकक यांची स्वतंत्र व्याख्या करून त्यांचे परस्परसंबंध काटेकोर नियमांनी मांडणे, यास संगणकशास्त्रात 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात. युरोपीय जैवमाहिती संस्थेच्या 'चेबी' या संग्रहात प्रत्येक रासायनिक पदार्थास स्वतंत्र क्रमांक दिलेला असून पदार्थ आणि त्याचे कार्य यांची वर्गवारी वेगवेगळी ठेवलेली आहे. अभिक्रियेच्या नोंदीत कोणते पदार्थ आत गेले, कोणते बाहेर आले व किती प्रमाणात, हे पृथक् दर्शवावे लागते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. लिटरमागे २ मिलिग्रॅम ही मात्रेची नोंद 'शिल्लक' म्हणून वाचली गेली, तर नळाच्या पाण्यात क्लोरीन मुळीच नसतानाही संगणक ते पाणी सुरक्षित ठरवील आणि कावीळ, अतिसार यांसारख्या रोगांना वाट मोकळी होईल. म्हणून कोणता पदार्थ, कोणती राशी, किती, कोणत्या एककात आणि कोठे मोजली, या पाच प्रश्नांची उत्तरे प्रत्येक नोंदीत असणे आवश्यक आहे. संगणक नसलेल्या गावातील साध्या नोंदवहीसही हा नियम तितकाच लागू पडतो.